परतीच्या पावसाचा अंदाज

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आजी गेली. तेरा दिवस गावीच होतो, लातूरजवळ. घरात माणसांची ये-जा, आणि बाहेर सोयाबीन काढून रानात पडलेलं. परतीचा पाऊस येतोय की जातोय, याचीच गावभर चर्चा. तेरावा झाला, पुण्याला परतलो, कामाला लागलो. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे चार वाजता जाग आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला. तिसऱ्या दिवशीही.

ज्याला नैराश्य येऊन गेलेलं नाही, त्याला यात विशेष काही वाटणार नाही. आजी गेलीय, झोप मोडणारच. पण मला ते दोनदा येऊन गेलंय. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दुसऱ्यांदा सव्विसाव्या वर्षी, नोकरीत बऱ्यापैकी स्थिरावल्यावर. दोन्ही वेळा सुरुवात पहाटे चारच्या जागेनेच झाली होती. त्यामुळे अंधारात पंख्याकडे बघत पडलेलो असताना मी आजीची आठवण काढत नव्हतो. मी स्वतःची उलटतपासणी घेत होतो. काल जेवण नीट गेलं का? मित्राचा फोन दोनदा का कट केला? कोड रिव्ह्यूला इतका वेळ का लागला? हे दुःख आहे, की ते परत आलंय?

या आजाराबद्दल फारसं कुणी न सांगितलेली गोष्ट हीच आहे. तो बरा झाल्यावरही तुमच्याकडून साधं दुःखी होण्याची मुभा काढून घेतो. प्रत्येक वाईट दिवस संशयित ठरतो.

माझं रोजचं काम सर्व्हर पडण्याआधी कळावं अशी यंत्रणा बांधण्याचं. मेमरी किती भरली, रिस्पॉन्स किती उशिरा येतोय, या आकड्यांवर लक्ष ठेवायचं आणि मर्यादा ओलांडली की ऑन-कॉल असलेल्या माणसाला उठवायचं. साहजिकच मला वाटलं, की स्वतःसाठी असा एखादा आकडा का नसावा? मेंदूत डोकावून कुणीतरी सांगावं, ‘झोप बाबा, हे फक्त दुःख आहे.’ किंवा, ‘ऊठ, तयारीला लाग.’

असा आकडा शोधणारे लोक जगात आहेत. त्यांचे काही शोधनिबंध मी त्या पहाटेंमध्ये वाचायला घेतले आणि पुढे वाचतच राहिलो. मी डॉक्टर नाही, मेंदूचा अभ्यासकही नाही. या संशोधनाचा मी गरजू वाचक आहे. गरजू वाचक दोन चुका करतो: हवं ते पटकन खरं मानतो, आणि अपेक्षाभंग झाला की सगळंच खोटं ठरवतो. या लेखात दोन्ही टाळायचा प्रयत्न केलाय.

आकड्यांची भूक

आधी ही भूक कुठून येते ते सांगतो. नैराश्याबद्दल वाचायला लागलं की लवकरच एक जिना समोर येतो. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निदान ५० टक्के लोकांना ते पुन्हा येतं, दोनदा आलेल्यांना ७० टक्के, तीनदा आलेल्यांना ९० टक्के. मी दुसऱ्या पायरीवर उभा आहे. हा जिना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फोन उलटा करून ठेवला होता.

पण या आकड्यांत एक गोम आहे, आणि डेटावर काम करणाऱ्याला ती लगेच दिसायला हवी होती. हे आकडे मुख्यतः मानसोपचाराच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवरून काढलेत. जो एकदा आजारी पडला, बरा झाला आणि पुन्हा तिकडे फिरकलाच नाही, तो या हिशेबात कमी दिसतो. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. मानसोपचार केंद्रांतल्या रुग्णांमध्ये १५ वर्षांत नैराश्य परतण्याचं प्रमाण ८५ टक्के निघालं, तर सर्वसाधारण लोकसंख्येत तेवढ्याच काळात ३५ टक्के. रोगाचं नाव तेच, पण तुम्ही कुणाला मोजताय यावर भविष्य बदलतं.

दुसरा आकडा माझ्या जास्त जवळचा आहे. ब्रिटनमध्ये ‘अँटलर’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दीर्घकाळ गोळ्या घेणारे आणि आता बरे वाटत असलेले ४७८ लोक. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाच्या गोळ्या चालू ठेवल्या. दुसऱ्याच्या हळूहळू कमी करून त्याजागी तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. वर्षभरात गोळ्या बंद झालेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं नैराश्य परतलं. गोळ्या चालू असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं.

हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचता येतो. गोळ्या बंद केल्यावर धोका वाढतो, हे स्पष्टच आहे. पण बंद करूनही ४४ टक्के लोक ठीक राहिले आणि चालू ठेवूनही ३९ टक्के लोक पडले, हेही तितकंच खरं. माझ्या डॉक्टर मॅडमसमोर दर तीन महिन्यांनी मी हाच प्रश्न घेऊन बसतो. मी ४४ मधला की ५६ मधला? मेंदूतली खूण हवी आहे ती इथे. सरासरी मला माहीत आहे, मला माझं उत्तर हवंय.

अटलांटा: न विचारता ऐकणारी तार

ज्या निबंधाने मला सर्वांत जास्त भुरळ घातली तो सप्टेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यामागे न्यूरॉलॉजिस्ट हेलन मेबर्ग आणि जॉर्जिया टेकचे इंजिनिअर ख्रिस्तोफर रोझेल यांचे गट आहेत. रुग्णांवरचं काम अटलांटाच्या एमरी विद्यापीठात झालं.

मेबर्ग यांची गोष्ट जुनी आहे. मेंदूच्या पुढच्या भागात, मधोमध आणि खोलवर एक छोटा पट्टा असतो. नकाशात त्याचा क्रमांक २५. गंभीर नैराश्यात हा भाग अतिकामात असल्याचं त्यांना आढळलं होतं. २००५ मध्ये टोरांटोत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी, कोणत्याच उपचाराला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या मेंदूत तिथे तारा बसवून सौम्य वीजप्रवाह दिला. सहा महिन्यांनंतर सहापैकी चार जणांना चांगला फरक पडलेला होता. पुढे याच उपचाराची मोठी चाचणी मात्र अपेक्षित फरक दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. म्हणजे ही सरळ चढत जाणारी यशोगाथा नाही.

२०२३ च्या अभ्यासात दहा रुग्ण होते. वर्षानुवर्षं आजारी, सगळं करून थकलेले. त्यांना बसवलेलं यंत्र वीजप्रवाह देता देता तिथल्या पेशींचे विद्युत-संकेतही नोंदवू शकत होतं. सहा महिन्यांत दहापैकी नऊ जणांना लक्षणीय सुधारणा झाली, सात जण आजारातून बाहेर आले. पुरेशा नोंदी सहा जणांच्या हाती लागल्या. त्यांवर न्यूरल नेटवर्क चालवून संशोधकांनी आजारी आणि स्थिर या दोन अवस्था वेगळ्या ओळखणारी एक खूण काढली. अचूकता सुमारे ९० टक्के.

आणि मग ती एक गोष्ट, जी मी पहाटे तीनदा वाचली. यांतला एक रुग्ण बरा झाला होता आणि काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडला. नंतर त्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाहेरून सगळं ठीक दिसत असतानाच, सुमारे महिनाभर आधी, ती खूण आजाराच्या बाजूला सरकलेली दिसली. वीजप्रवाह वाढवल्यावर तो पुन्हा सावरला.

महिनाभर आधी! हे वाचून माझ्यातल्या इंजिनिअरला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला हेवा वाटला. डोक्यात तारा घेऊन फिरणाऱ्या, माझ्याहून कितीतरी जास्त सोसलेल्या माणसाचा हेवा.

या निबंधाचं खरं बळ ९० टक्क्यांत नाही. ते तुलनेच्या पद्धतीत आहे. इथे रुग्णाच्या मेंदूचे संकेत आठवड्यामागून आठवडे नोंदवले गेले, आणि त्याची आजची नोंद त्याच्याच आजारपणातल्या नोंदीशेजारी ठेवून पाहता आली. आमच्या कामातही हेच चालतं. एका सर्व्हरवर ८० टक्के मेमरी भरलेली असणं रोजचं असतं, दुसऱ्यावर ती धोक्याची घंटा असते. ज्याची त्याची नेहमीची पातळी माहीत असल्याशिवाय अलर्टला अर्थ नाही. शिवाय मेबर्ग म्हणतात की अशी खूण आयुष्यातले नेहमीचे चढउतार आणि आजाराचं परतणं यांतला फरक सांगू शकेल. माझा पहाटे चारचा प्रश्न नेमका हाच होता.

पण मर्यादाही तिथेच आहे. महिनाभर आधी दिसलेलं परतणं एका माणसाचं आहे. ते घडत असताना कुणी ओळखलं नव्हतं, नंतर मागे वळून पाहिल्यावर दिसलं. सर्व्हर पडल्यानंतर लॉग उघडले की प्रत्येक वेळी वाटतं, अरे, हे तर कालपासूनच दिसत होतं. आधी कळणं आणि नंतर आधीचं दिसणं यांत किती अंतर असतं, हे ऑन-कॉल केलेल्या कुणालाही विचारा.

मँचेस्टर आणि टोरांटो: मेंदूला विचारलेला प्रश्न

कवटी न उघडता खूण शोधणारे अभ्यास वेगळे आहेत. त्यांत माणसाला एफएमआरआयच्या नळीत झोपवतात, काहीतरी दाखवतात किंवा कल्पना करायला सांगतात, आणि मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते बघतात.

२०१५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून रोलँड झान यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्यातून बाहेर आलेले आणि गोळ्या न घेणारे ६४ लोक. नळीत त्यांना वाक्यं दाखवली. तुम्ही तुमच्या सर्वांत जवळच्या मित्राशी वाईट वागलात, अशी कल्पना करा. आता उलट: तो तुमच्याशी वाईट वागला. पहिल्यात अपराधीपणा, दुसऱ्यात राग. पुढे १४ महिने या लोकांवर लक्ष ठेवलं. ज्यांचं नैराश्य परतलं, त्यांच्या मेंदूत अपराधीपणाच्या वेळी दोन भागांचा एकमेकांशी संवाद जास्त घट्ट झालेला होता. एक भाग कानशिलाजवळचा, वागणुकीचा अर्थ लावण्याशी जोडलेला. दुसरा त्या क्रमांक २५ च्याच परिसरातला. यावरून कोण परत आजारी पडेल हे ७५ टक्के अचूकतेने सांगता आलं, असा दावा आहे.

टोरांटोच्या नॉर्मन फार्ब आणि झिंडेल सीगल यांच्या गटाने २०११ मध्ये वेगळा प्रश्न विचारला. बरे झालेल्या १६ लोकांना सिनेमांतले दुःखी प्रसंग दाखवले. पुढच्या सुमारे दीड वर्षात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांचं नैराश्य परतलं. परतलेल्यांच्या मेंदूत दुःखी प्रसंग बघताना कपाळामागचा मधला भाग जास्त पेटलेला होता, जो स्वतःविषयी विचारांची चक्की फिरवण्याशी जोडला जातो. जे ठीक राहिले त्यांच्यात डोक्याच्या मागचा, दृष्टीशी संबंधित भाग जास्त सक्रिय होता. सोप्या शब्दांत, एकाने दुःख बघितलं आणि दुसऱ्याने त्यावर स्वतःची गोष्ट रचायला घेतली. २०२२ मध्ये याच गटाने जास्त लोकांवर, जास्त काळ अभ्यास केला. त्यात दुःखाच्या वेळी शरीराच्या संवेदनांशी जोडलेले भाग मंदावणं हे परतण्याशी जोडलेलं निघालं. मेंदूतली जागा बदलली, सूत्र जवळपास तेच राहिलं: दुःखात संवेदना बंद करून डोक्यात शिरणारा माणूस धोक्यात असतो.

हे सगळं एकापाठोपाठ वाचताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट मला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते. खूण तापासारखी नुसती मोजली जात नाही. ती एका प्रश्नाचं उत्तर असते. मँचेस्टरने अपराधीपणाविषयी विचारलं, त्यांना अपराधीपणाची खूण मिळाली. टोरांटोने दुःख दाखवलं, त्यांना दुःखाशी वागण्याच्या पद्धतीची खूण मिळाली. प्रत्येक खुणेच्या पोटात नैराश्य का परततं याची एक गोष्ट आधीच बसलेली आहे. बातमीत मात्र ‘मेंदूच्या स्कॅनवरून भाकीत’ एवढंच येतं आणि ती गोष्ट गाळली जाते.

खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीच जास्त उपयोगी पडल्या. मँचेस्टरची वाक्यं वाचताना मी स्वतःला लगेच ओळखलं. सर्व्हर पडला की पहिला विचार ‘माझंच काहीतरी चुकलं असणार’. आजी गेली तेव्हाही, ‘गणपतीला गेलो असतो तर निदान भेट झाली असती.’ दुःखाच्या आत अपराधीपणा घुसतो आणि हळूहळू घरमालक होतो. हे कळायला मला नळीत झोपावं लागलं नाही, पण कुणीतरी नळीत झोपलं म्हणून मला ते नीट बघता आलं.

७५ टक्के म्हणजे किती?

आता थोडं गणित. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होण्यासारखं आहे.

समजा ७५ टक्के अचूकतेची चाचणी बाजारात आली. म्हणजे परत आजारी पडणाऱ्या शंभरांपैकी ७५ ती पकडते आणि न पडणाऱ्या शंभरांपैकी २५ जणांना उगाच घाबरवते. आता शंभर माणसं घ्या, ज्यांतल्या ३५ जणांना पुढे त्रास होणार आहे. चाचणी त्या ३५ पैकी साधारण २६ जणांना बरोबर ओळखेल. उरलेल्या ६५ पैकी १६ जणांनाही लाल शेरा देईल. म्हणजे लाल शेरा मिळालेल्या ४२ पैकी १६ निर्धास्त राहू शकले असते.

हीच चाचणी दर महिन्याला केली तर? समजा एखाद्या महिन्यात शंभरांतले तिघेच आजारी पडणार आहेत. मग शेरे मिळतील २६ जणांना, आणि त्यांतले खरे निघतील जेमतेम दोन. आमच्या कामात याला अलर्टचा थकवा म्हणतात. इतक्या वेळा खोटी घंटा वाजली की खरी वाजते तेव्हा माणूस कूस बदलून झोपतो. सर्व्हरच्या बाबतीत खोट्या घंटेची किंमत झोपमोड असते. नैराश्याच्या बाबतीत ‘तू पुन्हा आजारी पडणार’ हे वाक्यच माणसाला पहाटे चारला उठवायला पुरेसं आहे. इथे घंटेचा आवाजच यंत्रणा बिघडवू शकतो.

दुसरा प्रश्न नमुन्याच्या आकाराचा. १६ माणसं, ६४ माणसं, आणि प्रत्येकाच्या मेंदूच्या चित्रात हजारो बिंदू. माणसं कमी आणि मोजमापं जास्त असली की योगायोगाने जुळणारं काहीतरी सापडतंच, हे मशीन लर्निंगचा पहिला महिना शिकलेल्यालाही ठाऊक असतं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्येच एक मोठा अभ्यास आला. माणसामाणसांतल्या मेंदूच्या फरकांचा त्यांच्या मानसिक गुणांशी संबंध खात्रीने जोडायचा तर हजारो माणसं लागतात, असं त्यात दाखवून दिलं होतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या १,८०९ लोकांच्या मेंदूची अनेक अंगांनी तुलना केली. दोन्ही गट ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर पडलेले निघाले. एकेका मोजमापावरून माणूस कोणत्या गटातला हे ओळखायला गेलं तर अचूकता ५४ ते ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. तो अभ्यास परतण्याबद्दल नव्हता, पण ‘स्कॅन करा, समजेल’ या आशेला कुठे थांबायला हवं ते तो सांगतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गमतीची वाटते. २०२० मध्ये झुरिच आणि बर्लिनमधल्या एका अभ्यासात, गोळ्या बंद करू पाहणाऱ्या लोकांना संगणकावर एक खेळ दिला. कमी वेळा बटण दाबून कमी गुण, की खूप वेळा दाबून जास्त गुण? निवडा. पुढे ज्यांचं नैराश्य परतलं त्यांना हा निर्णय घ्यायला आधीच जास्त वेळ लागत होता. या खेळातल्या निवडींवरून परतण्याचं भाकीत सुमारे दोन तृतीयांश वेळा बरोबर आलं. कवटी उघडली नाही, नळीत झोपवलं नाही, फक्त एक बटण. तोही छोटाच अभ्यास आहे आणि वरच्या सगळ्या शंका त्यालाही लागू आहेत. पण एक विचार मनात राहतो. मेंदूचं रंगीत चित्र आपल्याला जास्त खरं वाटतं ते त्यात जास्त माहिती असते म्हणून, की ते मेंदूचं असतं म्हणून?

आणि माझा तो कोड रिव्ह्यू आठवला. निर्णय घ्यायला इतका वेळ का लागतोय, हा प्रश्न त्या पहाटे मीच मला विचारला होता.

घंटा वाजल्यावर कोण उठणार?

ऑन-कॉलमध्ये एक नियम असतो. ज्या अलर्टनंतर काय करायचं हे लिहून ठेवलेलं नाही, तो अलर्ट लावायचाच नाही. या नियमाने बघितलं की अटलांटाचा निबंध वेगळा वाचता येतो. तिथे खूण सरकली तर डॉक्टरांच्या हातात फिरवायला एक बटण होतं, वीजप्रवाह वाढवण्याचं. खूण आणि उपाय एकाच तारेला जोडलेले होते. तुमच्या-माझ्याकडे अशी तार नाही, आणि बहुतेकांना ती लागूही नये.

मग आपल्यासाठी घंटा वाजली तर पुढे काय? उपाय नाहीत असं नाही. गोळ्या परततीचा धोका कमी करतात, हे वर आलंच. सजगतेवर आधारलेली एक आठ आठवड्यांची उपचारपद्धती आहे, जी घडवणाऱ्यांत टोरांटोचे तेच सीगल होते. तिच्या नऊ चाचण्या, १,२५८ लोक, यांचं एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये झालं. साधारण सव्वा वर्षात ही पद्धत शिकलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांचं नैराश्य परतलं, न शिकलेल्यांपैकी ४९ टक्के लोकांचं. चमत्कार नाही, पण फरक आहे.

प्रश्न हा की हे उपाय कुणाच्या हाताशी आहेत. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नसल्याचं दिसलं. पहिलाच झटका ज्यांच्या खिजगणतीत नाही, त्यांना दुसऱ्याचं भाकीत देऊन काय करणार? माझ्या पहिल्या वेळी कॉलेजात ‘अभ्यास झेपत नाही’ एवढंच निदान झालं होतं, आणि ते करणाऱ्यांत मीही होतो.

शिवाय घंटा कुणाच्या कानात वाजणार? उद्या घड्याळ, फोन किंवा कंपनीचं हेल्थ-अॅप असं भाकीत करू लागलं, तर ते मलाच कळेल की माझ्या मॅनेजरला आणि विमा कंपनीलाही? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच स्थान द्यायला सांगितलंय. पण तो कायदा आजारी असलेल्याचा विचार करतो. मी आजारी नसेन, फक्त ‘होण्याची ७५ टक्के शक्यता’ असलेला असेन. अशा माणसाला बढती देताना कोण कशाचा विचार करेल, हे सांगायला न्यूरल नेटवर्क लागत नाही.

ताडपत्री

त्या आठवड्यात मी शेवटी डॉक्टर मॅडमकडे गेलो. चारची जाग, फोन, कोड रिव्ह्यू, सगळं सांगितलं. ‘मेबर्गवाली तार असती तर कळलं असतं ना?’ असंही विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आजीबद्दल सांगा.’

मी सांगायला लागलो. परतीच्या पावसाच्या दिवसांत आजी कुणाचा अंदाज विचारायची नाही. टीव्हीवर काहीही सांगू देत, सोयाबीनची गंजी लागली की अंधार पडायच्या आत तिच्यावर ताडपत्री गेलीच पाहिजे. अण्णा वैतागायचे, ‘आई, आभाळ कोरडंठाक हाय की!’ ती म्हणायची, ‘आभाळ त्येचं बघंल, तू तुझं बघ.’ एकदा अंदाज बरोबर आला होता, दोन दिवस आधी गावात सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्याकडे ताडपत्री होती त्यांचं वाचलं. बाकीचे दोन दिवस आभाळाकडे बघत बसले आणि मग भिजलेल्या शेंगांना फुटलेले कोंब बघत बसले.

सांगता सांगता मी बराच रडलो. मॅडम थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आजीवर रडू येतंय तुम्हाला. त्या दोन वेळी रडू आलं होतं का?’

नव्हतं आलं. त्या दोन्ही वेळी काहीच आलं नव्हतं.

हे निदान नाही, आणि प्रत्येकाला ते लागू पडेल असंही नाही. मॅडमनीही तेवढ्यावर सोडलं नाही. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, गोळ्या कमी करायचा विषय उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलला, आणि एक कागद करायला लावला. त्यावर माझ्या खुणा लिहिल्या, आणि प्रत्येक खुणेपुढे काय करायचं ते. पहाटेची जाग सलग पाच दिवस: मॅडमना मेसेज. मित्रांचे फोन टाळतोय: रूममेटने ओढून बाहेर न्यायचं. ताईने फोनवर सांगितलं, ‘तुझा आवाज खाली जातो, वाक्यं अर्धी सोडतोस. दोन्ही वेळा मला आधी कळलं होतं, पण तुला बोलायला भीती वाटली.’ तेही लिहिलं. तिच्यापुढे लिहिलं: भीती वाटली तरी बोलायचं. सगळ्यात खाली टेलि-मानसचा नंबर, १४४१६. रात्री कुणीच उचललं नाही तर.

मेंदूतल्या खुणेच्या संशोधनाची खिल्ली उडवावी असं मला अजिबात वाटत नाही. त्या दहा माणसांनी आपली डोकी उघडू दिली, नळीत झोपून कुणीतरी मित्राशी वाईट वागल्याची कल्पना केली, म्हणून आज कुणाला गोळ्या थांबवता येतील हा प्रश्न निदान नीट विचारला जातोय. उद्या हजारो लोकांवर, घडण्याच्या आधी तपासलेली खूण आली तर नळीत झोपायला मी रांगेत पहिला असेन. पण त्या संशोधनाचं मोजमाप मी किती टक्के या आकड्यावर करणार नाही. खूण दिसल्यावर त्या माणसाच्या हातात काय पडलं, ते बघेन.

चारची जाग हळूहळू पाचवर गेली, मग साडेसहावर. कधी गेली ते आठवत नाही. कागद फ्रिजवर लावलाय. रूममेटने त्याच्यावर पिझ्झावाल्याचा नंबरही लिहून ठेवलाय.